कोंबडी-वड्यांचं चाक

चोवीस घरांचं चाक फिरवलं, तर हवं ते घर लागण्याची शक्यता चोवीसात एक असते. हे गणित पक्कं आहे. त्याच्या भरवशावर नव्वदीच्या दशकात मी एक जेवण जाहीर केलं.

अमिरातीतल्या खोर फक्कानच्या आमच्या मराठी मंडळाचा दिवाळी मेळावा होता आणि खेळांचा विभाग माझ्याकडे. कॅसिनोत असतं तसं चाक ठेवू, असं मीच सुचवलं. (तिथे जुगाराला बंदी. म्हणून पैसे नाहीत. प्रवेशाच्या तिकिटावर एक फेरी फुकट.)

"कॅसिनोवाले चोवीसात एक शक्यता असलेल्या घरावर वीसपटच देतात. मधला फरक त्यांचा," मी समितीला समजावलं. "आपणही हात राखून देऊ. तेवीस घरांवर कंगवे आणि साबण. एकावर आमच्या घरी कोंबडी-वड्यांचं जेवण. पन्नास फेऱ्यांत फार तर दोघं-तिघं येतील."

आमच्या ह्यांनी सायकलचं चाक भिंतीवर बसवून दिलं. मोठं बक्षीस लांबून दिसावं म्हणून त्या घरावर मी वाट्यांसकट स्टीलचं ताट स्क्रूने आवळलं. मुलांना दिसावा म्हणून बाण खालच्या बाजूला लावला. दोन्ही कल्पना माझ्याच!

पहिली फेरी तुकारामची. हा कणकवलीचा, बंदरावर कामाला. चाक गरगरलं, मंदावलं, ताट बाणापुढून निघून गेलं... आणि झुलत मागे आलं.

"वयनीनू, माका लागला!"

टाळ्या! दुसऱ्यालाही ताट. तिसऱ्यालाही!

"योगायोग," मी गंभीरपणे म्हणाले. "प्रत्येक फेरी स्वतंत्र असते. आधी लागलं म्हणून पुन्हा लागणार नाही, असं नसतं."

चौथ्याने ते लगेच सिद्ध केलं.

ह्यांनी मला बाजूला ओढलं. "अगं, ताटाने चाक एकीकडे जड झालंय! जड बाजू खालीच येऊन थांबणार. आणि बाण कुठाय?"

"खाली."

"धन्य आहेस!"

मी तडक ताट काढलं. रांगेत होती सगळी कामगारांच्या कॅम्पात राहणारी माणसं. गावी जाईपर्यंत मेसची पातळ डाळ खाणारी.

"वयनीनू, ताट खंय गेला?" पुढच्याने विचारलं. "आमचो नंबर इलो आणि खलास?"

त्याचा चेहरा मला बघवेना. मी ताट पुन्हा आवळलं. "यल्ला, चला, फिरवा!"

शुक्रवारी कॅम्पची बस आमच्या इमारतीखाली थांबली. दोन खोल्या भरल्या, पंगत जिन्यावर गेली, सोलकढी बादलीने वाढली. खिडकीतून मुलगी ओरडली, "आई, देअर इज अनदर बस!" तुकाराम बाह्या सरसावून वडे थापायला बसला, म्हणून निभावलं. शेवटी आम्ही दोघं खालच्या कॅफेटेरियात शावरमा खायला गेलो.

पुढच्या वर्षी मंडळाने खेळांचा विभाग माझ्याकडून काढून घेतला आणि मला एकमताने भोजन समितीवर नेमलं. कारण विचारलं, तर अध्यक्ष गंभीरपणे म्हणाले, "अनुभव!"