काकूच्या बोटांची भिंत

गोचीड लागणार नाही असा एकही जीव जगात जन्माला आलेला नाही, अशी मांजर्लीच्या काकांची ठाम समजूत होती, आणि त्या जिवांत मीही आलो. काका म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. कॅम्प पाचातल्या माझ्या घरून मी त्यांच्याकडे बदलापूरच्या मांजर्लीत गेलो की "बस" म्हणायच्या आधीच त्यांची दोन बोटं माझ्या कानामागे जायची. मला नोकरी लागली, लग्न झालं, तरी सुटका नाही. बायकोच्या देखत चाचपायचे. "सवय हाय बाबा," म्हणायचे, "कान ही त्यांची पयली जागा."

दुसरी कास, तिसरी शेपटीखाली. हा पाठ मला पाढ्यांपेक्षा पक्का आहे. रोज सकाळी रॉकेल घातलेली करवंटी घेऊन ते गोठ्यात बसायचे आणि गायीच्या अंगावरचा गोचीड न् गोचीड चिमटीनं उपटून त्यात टाकायचे. कुळगावात एका लग्नात पंगत बसली आणि काका गायब! शोधलं तर यजमानांच्या गोठ्यात, कोऱ्या धोतरानिशी, कोण कुठल्या म्हशीच्या कानात डोकं घालून बसलेले. "वरणभात काय पलून जातो काय?" असं मलाच वर सुनावलं. मग तसेच पंगतीत येऊन बसले, तेव्हा शेजारचा पाहुणा पान सोडून उठला.

काकू गेली आणि वर्षाच्या आत म्हातारी गावठी गायही गेली. घर एवढं सुनं झालं की मीच कॅम्प पाचातल्या तबेलेवाल्याकडून एक जर्सी कालवड त्यांना आणून दिली. "आरं, ही नाजूक कातडी," काका करवादले, "गावठी गाय आंग झटकते, ही नुसती उभी र्‍हाते. गोचिडांना पंगतच वाढलीस की!" पण आठवड्यात तिचं नाव राणी झालं आणि स्वतःच्या चहाबरोबरच्या पावातला अर्धा तिला जाऊ लागला. ती गाभण राहिली तेव्हा त्यांनी मला पेढे दिले.

पावसाळा सरता सरता राणीच्या अंगावर गोचीड मावेनात. सकाळी करवंटीभर काढावेत, संध्याकाळी पुन्हा तेवढेच. मी गुरांच्या डॉक्टरांना घेऊन गेलो. त्यांनी गायीआधी गोठ्याची भिंत पाहिली. "काका, अंगावर दिसतात ते थोडे. मादी रक्त पिऊन खाली पडते आणि या फटींत अंडी घालते. औषध मी देतो, पण भिंत खरवडून लिंपून घ्या."

"भिंतीला हात लावायचा नाय," काका म्हणाले.

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. त्यांना काय ठाऊक! ती भिंत शेवटची काकूनं सारवली होती. शेणाच्या सारवणात तिच्या पाची बोटांच्या वळणदार ओळी तशाच वाळल्या होत्या. काकूचा एक फोटोसुद्धा घरात नव्हता. होतं ते एवढंच. मला सगळं ठाऊक होतं, म्हणून मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचा मला अजून राग येतो.

पंधरा दिवसांत राणी गोचिडतापानं तापली. लघवी लाल झाली. डॉक्टर इंजेक्शन घेऊन आले, पण पोटातल्या वासरासकट ती गेली. काका रडले नाहीत. करवंटी तेवढी उकिरड्यावर फेकली.

तेराव्या दिवशी गेलो तर भिंत कोरी, गुळगुळीत. काकांच्या नखांत अजून माती होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, हातभर तुकडा तरी ठेवायचा होता."

"हातभर जागेत शंभर र्‍हातात," ते म्हणाले. "आदी कलाया पायजे होतं रं."

गोठा रिकामा होता. मी त्यांच्या जवळ सरकलो, मुद्दाम मान वाकवून कान पुढं केला आणि थांबलो. काकांचे हात मांडीवरच राहिले.