गजर आणि फरदड

हिवाळ्याच्या उन्हात कपाशीच्या वाळत्या पऱ्हाटीला एक कोरडा, कडवट वास सुटतो. यंदा तो नाकात शिरला आणि माझं डोकंच फिरलं. ही पऱ्हाटी बायकोच्या हातची. मृगात तिनं वाकून वाकून सरकी टोबली, पोळ्याच्या आधी ती गेली, आणि झाडं मात्र निर्लज्जासारखी उभी.

शेजारचा सोपान बांधाच्या धुऱ्यावरून म्हणाला, "एक पानी द्या ना काका, आनखीन एक वेचा निघते." हंगाम सरला तरी कपाशी अशी राखायची, तिला आम्ही फरदड म्हणतो. त्याच उशिराच्या बोंडांत गुलाबी अळी पोसते आणि पुढच्या साली सारं शिवार खाते. दुकानदार सांगायचा, या बियाण्याला अळी शिवत नाही. अळीला कोणी सांगितलंच नसावं.

चिडूनच घरी आलो. मला एकटं सोडवत नाही म्हणून पोरगी, वर्षा, पुण्याचं काम इथूनच करते. संगणकाचा गाभा असतो, कर्नल म्हणतात त्याला. त्यात ठरल्या वेळी काम सुरू करून देणारे गजर असतात, ते ती सोपे करत होती. काय करून राह्यली, विचारलं.

"बाबा, ज्यानं त्यानं आपापला गजर लावून ठेवला. लावणारा निघून जाते, गजर राह्यते. मंग रिकाम्या जागी वाजते अन् सारी मशीन बंद पडते. आता एकच नियम: पहिले गजर काढा, मंग जागा सोडा. बाकी सारं जुनं उपटून टाकून राह्यली."

"तुह्या मायनं काढला होता का वं?"

तिची बोटं थांबली. "नाही काढला. म्हणून तं आपल्याले काढा लागते."

तुम्हीच सांगा, माणसाच्या जाण्याला असा नियम लागू होतो का? चहाची वेळ झाली की माझे कान अजून चुलीकडे लागतात, आणि ही मला यंत्राची शिस्त शिकवते! ती खरं बोलली, याचाच संताप जास्त.

सकाळी पऱ्हाटी उपटायचा चिमटा घेऊन वावरात गेलो. बुंधा पकडायचा, दांडा दाबायचा, झाड मुळासकट बाहेर. सोपान ओरडला, "काका, बोंडं हायेत ना अजून!" मी त्याच्याकडं पाहिलंही नाही. वर्षा मागून येऊन ढीग रचू लागली.

दुपारी एका जागी दोन झाडं सोबत निघाली, मुळं एकमेकांत गुंतलेली. किती सांगितलं तरी बायको टोबताना मधूनच एका जागी दोन सरक्या टाकायची. एकटं झाड वाऱ्यात पडते म्हणायची. मी चिमटा खाली ठेवला.

वर्षानं तो उचलला आणि पुढच्या झाडाला लावला.