लाल केसांची वाटी

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. चुकांची माफी असावी, असं वर लिहिणार होते. पण बाईंना माफी हा शब्द आवडत नसे.

कुवेतमध्ये, हवल्लीतल्या त्यांच्या घरी मी कामाला लागले, तेव्हा दार त्यांनीच उघडलं. ओठांत तीन-चार लाल केस धरलेले. मला किळस आली. आमच्याकडे जेवणात केस निघाला तर ताट बाजूला सारतात.

बाई कॅनडाच्या, तिथल्या मूळच्या वेंडाट लोकांतल्या. नवरा रत्नागिरीकडचा, तो वारलेला. मराठी त्याच्याकडूनच शिकलेल्या. आता मुलगा समीर इथे नोकरीला, म्हणून त्या इथे. ते केस मूस नावाच्या जनावराचे, घोड्याएवढ्या हरणाचे. तोंडात धरून मऊ करायचे, भूर्जाच्या सालीला बारीक भोकं पाडून त्यांतून ओवायचे. मग सालीच्या डबीवर फुलं उमटत. त्यांच्या आज्या अशा डब्या प्रवाशांना विकून घर चालवत. "प्रवासी म्हणायचे, किती सुंदर!" बाई सांगत, "आणि निम्मा भाव करायचे."

बाईंच्या पोटात गाठ होती. नातीसाठी शेवटची डबी चालली होती. एका सकाळी ओट्यावर वाटीत पाणी आणि त्यात केस दिसले. ते पाण्यात भिजवतात हे मला माहीत नव्हतं; वाटलं, भांड्याच्या ब्रशचे गळलेले. मी वाटी बेसिनमध्ये ओतली आणि वर नळ सोडला.

ते केस त्यांच्या आईने रंगवलेले होते. तेवढेच उरले होते.

बाई ओरडल्या नाहीत. जाळीत बोट घालून चाचपत राहिल्या. दोन केस निघाले. ते धुऊन त्यांनी ओठांत धरले.

"बाई, माफ करा हो," मी रडत म्हटलं.

"नाही करणार."

"मग पगारातून कापा."

"कापले तर ते मी घेतले असं होईल. तू दे, आपल्या हाताने. नवे मागवायला साठ दिनार लागतील."

समीर मध्ये पडला. "अम्मी, सोड ना. गरीब आहे ती."

"म्हणून सोडू? माफ करणारा खुर्चीवर बसतो, समीर. दुसरा खाली. हिला मी खाली बसवणार नाही."

मला ते पटलं नाही. बाई कवडीचुंबक वाटल्या. दर महिन्याला मी पाच दिनार ठेवायचे, गावी तेवढे कमी जायचे. एकदाही त्या 'राहू दे' म्हणाल्या नाहीत. मोजून घ्यायच्या.

नवे केस आले, पण लाल फिका. "फूल अर्ध्यात आजारी पडलं," बाई म्हणाल्या. तोवर त्यांची बोटं चालेनाशी झाली होती. मग केस मी तोंडात धरले. पहिल्या दिवशी ओकले. त्या पडल्या पडल्या सांगत, "ओढू नको घट्ट. कापड शिवता येतं, साल फाटली की फाटली." अकराव्या महिन्यात डबी पुरी झाली. अर्धं फूल त्यांचं, अर्धं माझं. लांबूनही कळतं.

बाराव्या महिन्यात त्या दवाखान्यात होत्या. दोनच दिवस उरले होते, पण ते तेव्हा माहीत नव्हतं. ओठ कोरडे, रिकामे. मी नोट हातात ठेवली. बोटं मिटेनात, म्हणून मीच मिटवली.

"समीर, मोज."

"अम्मी, एकच नोट आहे."

"तरी मोज."

"पाच," तो भिंतीकडे बघत म्हणाला.

बाईंनी खाटेवर जरा जागा केली. "सुमन, बस इथे."

त्यांच्याशेजारी मी पहिल्यांदाच बसले.

"साठ," त्या म्हणाल्या. "फिटले."