रोहितची वरची खोली

शोभाताईंचा सगळा संसार सावनेरकडच्या कोळसा खाणीच्या क्वार्टरमध्ये झाला. नवरा मनोहरराव खाणीत फिटर. ते रिटायर झाले आणि दोघांनी नागपुरात, नंदनवनला, एक जुनं घर घेतलं. स्वस्तात मिळालं, कारण घराची दशाच तशी होती.

दुरुस्तीला किती लागतील ते सांगायला ताराचंद ठेकेदार आला. गच्चीवर चढला, भिंती ठोकून पाहिल्या, मोरीत बादलीभर पाणी ओतून ते कुठं मुरतं ते बघत बसला. शोभाताई त्याच्या मागोमाग. हे नाही केलं तर काय होईल, हा त्यांचा प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न. आधी तो वैतागला, मग रंगात येऊन सांगायला लागला. स्लॅब टपकते, ते थांबवायलाच हवं, नाहीतर आतलं लोखंड गंजेल. वायरिंग आणि नळाची लाइन बदलण्यावाचून गत्यंतर नाही. फरशी मात्र उखडू नका, घासून पॉलिश केली की पुरे. शेवटी त्यानं आकडा सांगितला, अकरा लाख. यांच्याजवळ होते आठ.

मनोहररावांनी लगेच यादीतून स्वयंपाकघराचं, मोठ्या खिडकीचं काम काढून टाकलं. शोभाताईंनी ताराचंदला विचारलं, या अकरांत वरच्या नव्या खोलीचे किती? तीन, तो म्हणाला. ती खोली पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलासाठी, रोहितसाठी होती.

"खोली राहू द्या," शोभाताई म्हणाल्या.

"पोराले काय वाटन वं?"

"तो दिवाळीले चार दिवस येते. त्याच्यासाठी खोली बांधता, अन् मी वर्षभर अंधारात सयपाक करू काय जी?"

बापाच्या घरात पोराची जागा नाही, हे मनोहररावांना लागत होतं आणि शोभाताईंना ते कळतही होतं. रोहितला फोन करायचं मनोहररावांनी आज-उद्या करत टाळलं. अखेर लावला, तेव्हा शोभाताई जवळच बसल्या होत्या. रोहितनं सगळं ऐकून घेतलं.

"बाबा, क्वार्टरमधी आपण सारे एकाच खोलीत झोपत होतो ना? मले तं तसंच आवडते."

मनोहररावांनी फोन ठेवला आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले.

काम सुरू झालं. मोरीखालचा पाइप फुटलेला निघाला, खर्च वाढला, तेव्हा बाहेरचा रंग पुढं ढकलला. स्वयंपाकघराच्या भिंतीला मोठी खिडकी बसली. दिवाळीत रोहित बायकोमुलांना घेऊन आला, हॉलभर गाद्या पडल्या, नातवंडं आजोबांना मधे घेऊन झोपली, आणि सकाळी चहा टाकताना शोभाताईंना मनोहररावांच्या घोरण्याचा आवाज थेट ओट्यापर्यंत येत होता.

शेजारच्या नीलाताई फराळाला आल्या. घर फिरून पाहिलं आणि म्हणाल्या, आमचंही घर जुनंच आहे, एकदा येऊन नजर टाका ना. शोभाताईंनी चिवड्याची वाटी त्यांच्या हातात दिली आणि विचारलं, "पावसात कुठं कुठं टपकते?"