कटिंग सेक्शनमधला डेमो

मशीन या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं आणि मागे लख्ख, कोरडी फरशी उरली. "घेऊन टाका!" शेट म्हणाले. पुण्याहून आलेले सेल्समन कुलकर्णी नुसते हसले. मला तेच खटकलं. इतकं सोपं आमच्या कारखान्यात काहीच नसायचं.

ही २००४ च्या सुमाराची गोष्ट. कुडाळच्या एमआयडीसीतल्या एका काजू कारखान्यात मी मेंटेनन्स बघायचो. कटिंग सेक्शनमध्ये बायका काजूबिया फोडायच्या. बीच्या टरफलात काळपट, चिकट तेल असतं. हाताला लागलं तर कातडी सोलवटते, म्हणून बायका हाताला राख चोळायच्या. ती राख आणि ते तेल फरशीवर पडून थर बसायचा. वर पाणी सांडलं की पाय ठरत नसे. महिन्यापूर्वी सुमन गावडे टोपली नेताना तिथेच पडली. मनगट मोडलं. आणखी कोणी पडायच्या आत मशीन निवडा, असं शेटनी मला बजावलं होतं. चुकीचं मशीन आलं आणि पुन्हा कोणाचा हात मोडला, तर तो माझ्या सहीने मोडणार होता.

कुलकर्णींचं मशीन होतं स्क्रबर-ड्रायर. पुढे फिरता ब्रश घासतो, मागे रबराची पट्टी मळकं पाणी गोळा करते आणि सक्शन ते ओढून घेतं. मी खाली वाकलो आणि मशीन जिथे फिरलंच नव्हतं, तिथल्या फरशीवर बोट ओढलं. बोट स्वच्छ! ही फरशी मी अशी कधी पाहिली नव्हती.

संशय सरळ सुपरवायझर परबांवर गेला. कुलकर्णींचे फोन त्यांनाच यायचे. आदल्या दिवशी दोघे एकत्र जेवले, सुरमईची ऑर्डर कुलकर्णींनी दिली, हेही माझ्या कानावर होतं.

"परब, फरशी कोणी धुतली?"

"माका काय म्हायत? मी सकाळी इलंय तेव्हा अशीच होती."

"अशीच? आपोआप?"

परबांनी खांदे उडवले. मला वाटलं, सापडला!

"आमी धुतलंव," मागून आवाज आला. सुमन. हात प्लास्टरमध्ये होता म्हणून तिला सोललेले काजूगर निवडायचं हलकं काम दिलं होतं. "काल सुटी झाल्यार सगळ्या बायकांनी मिळान घासलंव. पुण्यासून माणसा येतली, त्यांका ही घाण दाखवची?"

"अगो, मशीन घाण काढतं की नाही, तेच तर बघायचं होतं!"

"तुमच्या घराक पावणे येतले तर तुमी केर तसोच ठेवतास?"

"आणि तू एका हाताने घासलंस?"

"दुसरो तुमच्या फरशीनच मोडल्यान मां."

बायका हसल्या. मला हसू आलं नाही.

शेट सहीसाठी घाई करत होते. मी नाही म्हटलं. चार दिवस फरशीला कोणी हात लावायचा नाही, मग त्याच मशीनचा पुन्हा डेमो. बायकांनी तोंडं वाकडी केली. कुलकर्णी मात्र लगेच तयार झाले. तेही मला संशयास्पद वाटलं.

चार दिवसांनी मशीन फिरलं. रबराची पट्टी तेलावरून नुसती घसरत गेली आणि तेल आणखी पसरलं. राखेने सक्शनचा पाइप चोंदला. आता सबबी येणार म्हणून मी कुलकर्णींकडे बघत बसलो. ते उकिडवे बसले, थर नखाने खरवडला, वास घेतला.

"साहेब, हे मशीन घेऊ नका. तेल आहे हे मला कोणी सांगितलंच नाही. मागच्या वेळी दिसलंही नाही."

"म्हणजे आता महागातलं दाखवणार?"

"साधं दाखवतो. जड ब्रशचा नुसता स्क्रबर, गरम पाणी आणि तेल सोडवणारं केमिकल. पाणी ओढायला वेगळा व्हॅक्युम. राख मात्र आधी झाडूनच काढावी लागेल."

तरीही माझा विश्वास बसला नाही. आठवडाभर ते मशीन मळक्या फरशीवर चालवून घेतलं, मगच सही केली. मी तिथे असेपर्यंत त्या सेक्शनमध्ये पुन्हा कोणी पडलं नाही. परबांनी मात्र बरेच दिवस माझ्याबरोबर चहा घेतला नाही.

तेव्हापासून डेमोची तारीख मी कारखान्यात कोणालाच सांगत नाही. फसवणारा माणूस लक्ष ठेवलं की सापडतो. कारखान्याची अब्रू झाकायला मोडक्या हाताने फरशी घासणाऱ्या बाईपुढे काही इलाज चालत नाही.