मायनेकाकांची शेवटची ओळ

मायनेकाका पत्राची पहिली ओळ वाचत आणि शेवटची ओळ वाचत. मधल्या मजकुराकडे ते ढुंकूनही पाहत नसत. घरी आलेले व्याह्यांचे पत्र असो की सरकारातून एखाद्या संस्थानिकाला जाणारा खलिता असो, आधी मायना, मग एकदम शेवट, आणि मग चष्मा कपाळावर चढवून निकाल. "मधला मजकूर कोणीही लिहील. तो साहेबाचा. दोन्ही टोकं आपली," असे ते म्हणत. व्याह्यांनी एकदा 'कृतानेक साष्टांग नमस्कार' याऐवजी नुसते 'नमस्कार' घातले, तेव्हा काकांनी तेवढ्यावरून काकूंना सांगितले की लेकीच्या सासरी काहीतरी बिनसले आहे. काकूंनी मधला मजकूर वाचून घेतला, तर खरोखरच दिवाळसणाच्या मानपानावरून रुसवा निघाला होता.

त्यांचे खरे आडनाव गिरगावात फारसे कोणाला ठाऊक नव्हते. फोर्टातल्या ज्या सरकारी खात्याला आम्ही 'परराज्यांचे खाते' म्हणत असू, तिथे ते मराठी शाखेचे मुख्य कारकून होते, आणि मी त्यांच्या हाताखाली नकला करीत असे. आमच्या चाळी शेजारशेजारच्या. ट्रामचे घोडे दमतात असे सांगून ते पायीच कचेरीला जात आणि मलाही चालवीत.

खाते म्हणजे काय हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी धोबीतलावापर्यंत समजावून दिले. संस्थानात बसलेला एजंट मुंबईच्या सेक्रेटरीला लिहितो. सेक्रेटरी शेरा मारून कागद कौन्सिलाच्या मेंबराकडे धाडतो, मेंबर गव्हर्नराकडे, गव्हर्नर कलकत्त्याला, आणि फारच नाजूक प्रकरण असले तर कलकत्ता लंडनला. मग तोच कागद पायरी पायरीने खाली उतरतो. आमच्या खात्याकडे एडन होते, मस्कतचा पत्रव्यवहार होता, आणि त्याच कपाटात खेटून घाटावरची मराठी संस्थानेही होती. हे मला विचित्र वाटले, तसे मी बोललो. काका थांबले. "घाट चढला की परमुलूख, आणि सात समुद्रांपलीकडचं ते घरचं. या खात्यात राहायचं तर हे एकदा गिळून टाक. पचलं नाही तरी चालेल," ते म्हणाले. त्यांना स्वतःला ते कधीच पचले नाही.

घरातही हीच व्यवस्था होती. काका स्वतःला गव्हर्नर म्हणवीत आणि काकूंना कलकत्ता. पाहुण्यांना जेवायला थांबवायचे की नाही हे विचारायला ते आत जात, आणि बाहेर येऊन गंभीरपणे सांगत की मंजुरी आली.

पण मायन्याच्या बाबतीत थट्टा नाही. मागच्या दाराशी मासळी घेऊन येणाऱ्या वरळीच्या एका कोळणीची बाजारातली बसायची जागा कोणी बळकावली होती. तिने कोर्टाबाहेरच्या अर्जनविसाकडून अर्ज लिहवून आणला, तो काकांना दाखवला. वर 'गरीब कोळीण', खाली 'आपल्या पायांची धूळ'. काकांनी तो फाडून टाकला आणि नवा लिहिला. त्यात तिचे नाव, बापाचे नाव, आणि धंदा 'मासळीच्या व्यापारी'. ती घाबरली. एवढे मोठे लिहिले तर साहेब रागावेल, असे तिचे म्हणणे. काका म्हणाले, "मागायला गेलेलं माणूस वाकलेलं असतंच. त्याला कागदावर आणखी कशाला वाकवायचं?" तिला जागा मिळाली, ती गटाराजवळची. तरी पुढे कित्येक रविवार काकांच्या ओट्यावर अर्जांसाठी कोळणी बसत, आणि काकूंना पापलेट स्वस्त पडे.

शतक संपायला पाचसहा वर्षे असतील. दक्षिणेतल्या एका लहानशा संस्थानिकाने एजंटाने नेमलेला कारभारी ठेवून घ्यायला नकार दिला. आमच्या शाखेवर त्याच सुमारास एक नवा साहेब आला होता, तरुण आणि मराठीची परीक्षा पास झालेला. त्याने काकांना बोलावले आणि सांगितले की या माणसाच्या खलित्याच्या शेवटी 'कळावे, लोभ असावा' असे लिहिता, त्यातला 'लोभ असावा' काढून टाका, नुसते 'कळावे' पुरे. सरकारला याच्या लोभाची काय गरज, असे तो हसत म्हणाला. काकांनी कोणत्या संस्थानिकाला कोणता मायना आणि कोणता शेवट याची वही आणून त्याच्यापुढे उघडली. वहीत लोभ होता. तो काढायचा तर कलकत्त्याची मंजुरी हवी, आणि ती लेखी हवी. साहेब लेखी देईना. लेखी दिले की कागद वर जाणार, आणि वर कोणीतरी कारण विचारणार.

त्या संध्याकाळी काका घरापर्यंत तावातावाने बोलत होते. "तो राजा काही रामचंद्र नव्हे. तमाशात बुडालेला आहे, मला काय माहीत नाही? पण आज लोभ गेला, उद्या मायना जाईल, परवा तोफांची सलामी, आणि मग संस्थान. त्याचं राज्य घ्यायचं तर सरळ फौज पाठवून घ्या म्हणावं. माझ्या लेखणीनं नाही." मी त्यांना आठवण दिली की पेन्शनीला दीडच वर्ष राहिले आहे आणि धाकटीचे लग्न व्हायचे आहे. त्यांनी चालायचा वेग वाढवला.

दुसऱ्या दिवशी साहेबाने मसुदा माझ्याकडे दिला. मी लिहिला. 'कळावे' एवढे लिहून पूर्णविराम दिला आणि शाई टिपायला वर वाळू टाकली. हात जरासुद्धा अडला नाही, हे सांगताना मला आजही लाज वाटते. मला दोन मुले होती, हे कारण मी तेव्हा मनाशी घोकत होतो. ते खरेही होते, पण पुरे नव्हते.

मूळ मसुद्याशी ताडून मुख्य कारकुनाने खाली 'रुजू' हा शब्द लिहिल्याशिवाय मराठी कागद कचेरीबाहेर पडत नसे. कागद काकांकडे गेला. त्यांनी पहिली ओळ वाचली, शेवटची वाचली, अक्षर ओळखले आणि मला एका शब्दाने न दुखावता कागद शिपायाच्या हाती परत दिला. साहेब स्वतः आला. काका उठून उभे राहिले आणि इंग्रजी येत असून मराठीत म्हणाले, "साहेब, लेखी हुकूम द्यावा, आत्ता रुजू घालतो. तोंडी हुकमावर माझी लेखणी चालत नाही." सगळी कचेरी ऐकत होती. तीन दिवसांनी त्यांचा हुद्दा काढून त्यांना मागच्या दप्तरखान्यात जुने कागद लावायला पाठवले, आणि त्यांची बैठक मला मिळाली.

बैठकीवर पहिला कागद होता तोच. मी टाक बुडवला. शाई सुकली, पुन्हा बुडवला. मी शूर झालो असे कोणी समजू नये. मला राग आला होता, साहेबाचा आला होता आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा. मी उठलो आणि साहेबापुढे जाऊन काकांचेच वाक्य म्हटले. आवाज इतका बारीक निघाला की साहेबाने ते दोनदा म्हणायला लावले. दुसऱ्यांदा जरा बरे जमले. त्याच आठवड्यात मलाही काकांच्या मागोमाग दप्तरखान्यात धाडले.

तो खलिता पुढे चार महिने पडून राहिला. मग साहेबाची बदली एडनला झाली, आणि नव्या साहेबाला तोंडी हुकमाचा पत्ताच नसल्यामुळे तो वहीप्रमाणे पुन्हा लिहून जुन्याच शेवटासह रवाना झाला. आम्हा दोघांचे हुद्दे मात्र परत आले नाहीत. काका दीड वर्षाने दप्तरखान्यातूनच पेन्शनीत गेले आणि धाकटीचे लग्न करून वर्षभरात वारले. मी आणखी अकरा वर्षे तिथे काढली, आणि त्यातला एकही दिवस मला वाया गेला असे वाटत नाही.

मी पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा काका धुळीत बसून जुन्या कागदांचे बांधलेले रुमाल सोडत होते. मला दारात पाहून त्यांनी वर पाहिले.

"लेखी मागितलास?"

"हो."

"दिला?"

"नाही."

"देणार नाहीत," ते म्हणाले, आणि शेजारच्या स्टुलावरचा कागदांचा गठ्ठा उचलून त्यांनी मला बसायला जागा केली.