मेलेल्या माणसाचं अपील

माझ्या थोरल्या भावाला सोलापूरच्या सेशन कोर्टाने जन्मठेप दिली, तेव्हा आई एवढंच म्हणाली, "कोर्ट उगंच कशाला म्हणंल?" दादा कामाला होता त्या गिरणीतल्या एका जॉबरचा, म्हणजे मुकादमाचा, बोळात खून झाला होता. दादाचं त्याच्याशी त्याच दिवशी वाजलं होतं, आणि एका पानवाल्याने अंधारात दादाला पळताना ओळखलं म्हणे. दादा तापट होता हे खरं. पण तापट माणसं आमच्या घरात पैशाला पासरी. त्या न्यायाने मलाही फासावर चढवायला हवं होतं.

आमच्या वडिलांनी, आबांनी, मुंबईला हायकोर्टात अपील केलं. अधूनमधून ते मंगळवेढ्याहून एसटीने निघून पुण्याच्या तुरुंगात दादाला भेटून येत. आई एकदाही गेली नाही. ज्याने दुसऱ्या आईचं लेकरू मारलं त्याचं तोंड बघायचं नाही, हा तिचा हेका. मी पुष्कळ भांडले. ती भाकरी थापत राहायची. दादा दर वेळी विचारायचा, आई का आली नाही, आणि आबा दर वेळी तिच्या गुडघ्यांवर ढकलायचे.

अपिलाचा नंबर लागायच्या आधीच दादा तुरुंगात काविळीने गेला.

आरोपी मेला की अपीलही संपतं. पण तेव्हा नुकत्याच आलेल्या नव्या कायद्यात एक सोय होती. जवळच्या नातलगाने महिन्याच्या आत अर्ज केला, तर ते पुढे चालवता यायचं. वकिलांनी तसा निरोप धाडला. घरात सुतक. भावकी म्हणाली, दिवस पुरे होईस्तोवर उंबरा ओलांडायचा नाही, आणि मेलेला माणूस सुटून जाणार कुठं? अक्कल वाटली गेली तेव्हा आमची भावकी बहुतेक रानात होती. आबा सुतकातच सोलापूरला वकिलांकडे गेले आणि अर्जावर अंगठा उठवून आले. दहाव्याला भावकीतलं कुणी फिरकलं नाही.

दोनेक वर्षांनी निकाल लागला. काळोखात, तेही एवढ्या लांबून ओळखलं, हे हायकोर्टाला पटलं नाही. दादा सुटला. आबांनी गावभर गूळ वाटला, दहाव्याला न आलेल्यांना तर मुद्दाम घरी जाऊन दिला. मला रडूही येत होतं आणि संतापही.

आईने गूळ घेतला नाही. दुसऱ्या दिवशी धुतलेलं लुगडं नेसून ती मला म्हणाली, वकिलाकडं चल. तिथे खुर्ची दिली तरी ती खालीच बसली.

"सायेब, त्यानं केलं न्हवतं, असं म्हणलं का कोर्ट?"

वकील भला माणूस. त्या दिवशी ते खोटं बोलले असते तर मी त्यांचे पाय धरले असते. त्यांनी समजावून सांगितलं की पुरावा पक्का ठरला नाही, म्हणून संशयाचा फायदा दादाला मिळाला, आणि कायद्याच्या लेखी तो निर्दोषच.

"म्हंजे केलं का न्हाय, त्ये कोर्टालाबी ठावं न्हाय."



आम्ही स्टँडवर येऊन बसलो. मंगळवेढ्याची गाडी लागली तरी ती उठेना. मी तिचा हात धरला.

"मला खरं सांगितलं असतं गं त्यानं," ती म्हणाली. "मी इचारायला गेलेच न्हाय."